टाकीतल्या ऑक्टोपसने अंडी घातली आहेत, पिल्लं वाढवता येतील का? (वडोदरा)

खाऱ्या_पाण्यातली (मांजलपूर, वडोदरा)

नमस्कार मंडळी. घरी चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), घाण फेसातून काढणारा स्किमर, उन्हाळ्यासाठी पाणी थंड करणारा चिलर, असं सगळं जमवलेलं आहे. पावसाळा संपल्यावर मुंबईच्या एका दुकानातून एक ऑक्टोपस आणला. जात कोणती ते दुकानदाराला सांगता आलं नाही. "तामिळनाडूकडून आलाय" एवढंच कळलं. डोकं धरून अंग लिंबापेक्षा थोडं मोठं, पाय ताणले की माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत.

डिसेंबर लागला तसं तिने खाणं सोडलं. आधी चिमटीतला खेकडा हातातून ओढून न्यायची, आता खेकडा अंगावरून गेला तरी ढकलून देते. मागच्या कोपऱ्यातल्या कपारीत जाऊन बसली आहे आणि दाराशी शिंपल्या, खडे, तुटकी नळी असं सगळं रचून ठेवलंय. काल लेकीने टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून आत बघितलं, तर छताला पांढरे झुपके लोंबताना दिसले. ती त्यांच्यावरून सारखी पायांची टोकं फिरवते आणि अंगातल्या नळीतून पाणी मारते.

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका घरात ऑक्टोपसने पन्नासेक अंडी घातली आणि पिल्लं जगली, २०२४ मध्ये गाजलेले ते व्हिडिओ लेकीने सगळे पाहिलेत. ती आताच बरण्या धुऊन बसली आहे. मला मात्र नीट माहिती हवी आहे. पिल्लं वाढवता येतात का? आणि आईचं काय करायचं?

टाकीवाला (फतेहगंज, वडोदरा)

ताई, अभिनंदन. आता सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा, अंड्याचा आकार. बाकी सगळं त्यावर ठरतं.

ऑक्टोपसांचे यात दोन गट आहेत. काही जातींची अंडी मोठी असतात, दाणा तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून मोठा, संख्या कमी. त्यातून बाहेर पडणारं पिल्लू हे आईचंच छोटं रूप असतं. बाहेर पडताक्षणी तळाशी बसतं, दगडाखाली शिरतं, बारीक झिंग्यांवर झडप घालतं. ओक्लाहोमातली ती मादी कॅलिफोर्नियाची दोन ठिपकेवाली, ऑक्टोपस बायमॅक्युलॉइडिस. तिची अंडी दहा मिलीमीटरच्या पुढे जातात. घरच्या टाकीत पिल्लं वाढवल्याच्या ज्या गोष्टी ऐकतो त्यातल्या बहुतेक या जातीच्या किंवा अशाच मोठ्या अंड्यांच्या जातींच्या.

दुसऱ्या गटाची अंडी दोन-तीन मिलीमीटरची, देठांनी एकमेकांत गुंफलेली, झुपक्या-झुपक्यांत. संख्या हजारांत, मोठ्या जातींत लाखांत. यातली पिल्लं तळाशी बसत नाहीत. कित्येक आठवडे पाण्यात तरंगत राहतात, समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत जातात, मग पाय लांब झाले की खाली उतरतात. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या ओळखीच्या जाती, म्हणजे अँफिऑक्टोपस एजिना, नारळाची करवंटी घेऊन चालणारा मार्जिनेटस, मोठा सायनिया, सगळ्या या दुसऱ्या गटातल्या.

तुम्ही "झुपके" लिहिलंय म्हणून मला धाकधूक वाटते. पट्टी काचेला लावून फोटो काढता आला तर टाका. बरण्या राहू द्या, उपयोग होईल.

जीवशास्त्र_बाई (दांडिया बाजार, वडोदरा)

धागा वाचून फार आनंद झाला. कॉलेजात मी वर्षानुवर्षं मृदुकाय प्राणी शिकवले, पण अंडी राखणारी मादी बाटलीतल्या नमुन्यापलीकडे पाहायला मिळाली नाही.

आईबद्दल लिहिते, कारण तो प्रश्न तुम्ही विचारला आहे आणि उत्तर मनाला जड जाईल. ती आता खाणार नाही. आजारी आहे म्हणून नाही, तिच्या शरीराचाच तसा आदेश आहे. डोळ्यांच्या मागे दृक्-ग्रंथी नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या हा कारभार चालवतात. जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने १९७७ मध्ये दाखवलं की अंडी घातलेल्या मादीच्या या ग्रंथी काढल्या तर ती अंडी सोडून देते, पुन्हा खायला लागते आणि जास्त जगते. म्हणजे तिचं मरण उपासमारीचा अपघात नव्हे, ते आतून ठरलेलं आहे. पिल्लं बाहेर पडली की ती काही दिवसांत जाईल. जबरदस्तीने भरवू नका, कपारीचं दार मोडू नका, टाकी हलवू नका. न खाल्लेला खेकडा लगेच बाहेर काढा. तो अंड्यांना त्रास देईल आणि तिची शक्ती त्याला हुसकावण्यात जाईल.

नर नसताना अंडी फलित कशी, हा प्रश्न पडला असेल. मादी नराचं शुक्र अंडवाहिनीच्या ग्रंथीत बरेच आठवडे साठवून ठेवू शकते. समुद्रातून धरलेली मादी बहुधा आधीच भेटून आलेली असते. अंडी फलित असतील तर काही दिवसांनी प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके दिसतील. ते पिल्लाचे डोळे. ते दिसले की इथे जरूर लिहा, मी वाट बघते.

राजवाड्यामागे (इंदूर)

नवीन सदस्य आहे. मी गोड्या पाण्याचे मासे पाळतो, ऑक्टोपस पाळावा अशी फार इच्छा आहे. टाकीवाले दादा, काय काय लागतं ते थोडक्यात सांगाल का? माझ्याकडे जुनी तीन फुटी टाकी रिकामी आहे.

टाकीवाला

भाऊ, त्या जुन्या टाकीत पूर्वी कधी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषध घातलं होतं का, ते आधी आठवा. बाजारातल्या कित्येक औषधांत तांबं असतं, काही जण तर सरळ मोरचूद घालतात. माशाला ते चालतं, ऑक्टोपसला ते विष आहे. ते सिलिकॉनमध्ये, दगडांत, वाळूत मुरतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. तशी टाकी ऑक्टोपससाठी कायमची बाद. बादल्याही वेगळ्या हव्यात. तांब्याच्या हंड्यात भरलेलं पाणी तर अजिबात नको, आपल्याकडे बऱ्याच घरांत तो असतो म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्याचं रक्त निळं असतं, प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात लोहाऐवजी तांबंच असतं. तरी पाण्यातलं सुटं तांबं त्याला मारतं, हे ध्यानात ठेवा.

बाकी झाकण. चोच आत जाईल तेवढ्या फटीतून अख्खा ऑक्टोपस जातो, अंगात हाड नाही. नळ्यांच्या भोकांना जाळी आणि झाकणाला कड्या हव्यात. पाण्याचं सापेक्ष घनत्व १.०२५ च्या आसपास, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आणि टाकी निदान तीनेक महिने आधी चालू करून मुरलेली असावी. घाबरून शाई सोडली तर ती कल्ल्यांवर बसते, म्हणून पाणी गाळायचा कोळसा आणि बदलायचं पाणी कायम तयार ठेवायचं. आणि ओळख पटल्याशिवाय कुठल्याही छोट्या ऑक्टोपसला हात लावायचा नाही. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस हिंद-प्रशांत पट्ट्यातच राहतो, त्याच्या विषावर उतारा नाही.

ऑक्टोपस घ्यावा का, हे मी इथे सांगत नाही. आधी ताईंच्या अंड्यांचं काय होतं ते बघा, मग ठरवा.

कोयनाकाठ (कराड)

एक शंका. पिल्लं हजारोंनी येणार असतील तर सरळ समुद्रात सोडून द्यावीत की. वडोदऱ्याहून समुद्र लांब नाही.

जीवशास्त्र_बाई

हेतू चांगला आहे, पण तसं करू नये. पहिली गोष्ट, वडोदऱ्याजवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. मही, नर्मदा, तापी यांचा गाळ तिथे येतो. भरती-ओहोटीने पाणी सतत घुसळलं जातं आणि ते गढूळच असतं. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून आलेल्या मादीची पिल्लं तिथे सोडणं म्हणजे त्यांना मारणंच आहे. दुसरी गोष्ट, टाकीत निरनिराळ्या ठिकाणचे मासे, दगड, परजीवी एकत्र आलेले असतात. ते समुद्रात सोडायचे नसतात.

याच ओघात कायद्याचंही सांगते. ऑक्टोपस पाळण्याच्या नादात लोक जिवंत प्रवाळ आणि प्रवाळखडक गोळा करतात. खडक बांधणारे सगळे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, महाशिंपला हेही आहेत. ऑक्टोपसचा दूरचा भाऊ नॉटिलस, तोही अनुसूचीत आहे. कच्छच्या आखातात जामनगरजवळ आपलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ पासूनचं. ओहोटीला नरारा किंवा पिरोटनला परवानगी काढून जा, घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना ऑक्टोपस आपल्या घरात बसलेला दिसतो. तिथून एक दगडही उचलायचा नाही. लेकीला घेऊन नक्की जा. टाकीतल्या ऑक्टोपसवरून जे कळत नाही ते तिथे कळतं.

खाऱ्या_पाण्यातली

फोटो टाकलाय. पट्टीवर अडीच मिलीमीटर भरतं, त्यात देठ धरलेला नाही. एका झुपक्यात मोजायला बसलो आणि सोडून दिलं, असे झुपके छतभर आहेत. टाकीवाले, तुमची धाकधूक खरी ठरली.

पण बाई, डोळे दिसले! लेकीने मोबाइलला भिंग लावून बघितलं. प्रत्येक दाण्यात दोन तपकिरी ठिपके, आणि दाणे सगळे एकाच दिशेला नाहीत, काहींत डोळे देठाकडे आहेत, काहींत उलट टोकाकडे. सासूबाई रोज सकाळी देवपूजा झाली की टाकीशी येऊन बघतात आणि सगळ्यांना दटावतात, "बाळंतीण आहे, गोंगाट करू नका."

जीवशास्त्र_बाई

ते उलटसुलट म्हणजे फार सुंदर निरीक्षण आहे, लेकीला माझा आशीर्वाद. वाढताना गर्भ अंड्यात कुशी बदलतो, म्हणजे अख्खा फिरतो. काहींनी फिरून घेतलंय, काहींचं व्हायचंय. तारखेसह चित्र काढून ठेवायला सांगा.

सासूबाईंचंही बरोबर आहे. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, तोंडावर आलंय, गच्च्यांवर मोठे स्पीकर लागतील. ऑक्टोपसला कान नसतात पण तोल सांभाळणारी संतुलनपुटी असते आणि तिला कमी कंप्रतेचे धक्के जाणवतात. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की जोरदार कमी कंप्रतेच्या आवाजाने त्या पुटीतल्या संवेदी पेशींची मोडतोड होते. प्रयोगशाळेतला तो आवाज आणि गच्चीवरचा स्पीकर एकच नव्हेत, तरी तुमच्याच गच्चीवरचा स्पीकर टाकीच्या वर येणार नाही एवढं बघा.

टाकीवाला

२५ अंशाला ऑक्टोपस वल्गॅरिसची अंडी साधारण २५ दिवसांत फुटतात, १३ अंशाला शंभर दिवसांच्या पुढे जातात. तुमची जात वेगळी, पण आकार तोच, तेव्हा हिशेब जवळपास तोच धरा. घाई करायला तापमान चढवू नका. जानेवारीत आपल्याकडे रात्री गारठा पडतो, हीटर २४-२५ वर स्थिर ठेवा.

आता खरं बोलतो. तरंगती पिल्लं तळाशी उतरेपर्यंत जगवणं हे जगभर मोठ्या प्रयोगशाळांना जड गेलेलं काम आहे. जपानमध्ये १९६३ च्या सुमाराला झिंग्यांच्या अळ्या खाऊ घालून ते पहिल्यांदा जमलं. स्पेनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये वल्गॅरिसचं पूर्ण जीवनचक्र बंदिस्त जागेत झाल्याचं प्रसिद्ध केलं. अजूनही अडतं ते खाण्याशी. पिल्लू दोन-तीन मिलीमीटरचं, प्रत्येक पायावर तीनच चूषक (चिकटायच्या वाट्या), पण जन्मल्यापासून शिकारी. हलतं, जिवंत, आपल्या आकाराला शोभेल असं भक्ष्य हवं. नुकती फुटलेली आर्टेमिया (माशांना खायला देतात ते खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) त्याला फार बारीक. आर्टेमिया वाढवून, शेवाळ आणि तेल खाऊ घालून दिली तर ती पकडतात, पण तिच्यात त्यांना लागणारी डीएचएसारखी स्निग्धाम्लं पुरेशी नसतात, म्हणून काही दिवसांत पिल्लं गळत जातात. सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे खेकड्यांच्या आणि झिंग्यांच्या ताज्या अळ्या. त्या रोज पाहिजेत. समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत त्या मिळतात, मांजलपूरला कुठून आणणार?

तरी जेवढं करता येईल तेवढं मनापासून करूया. चौकोनी टाकी नको, पिल्लं कोपऱ्यात अडकून आपटतात. गोल, उभट भांडं घ्या, काचेचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं, बाहेरून काळा कागद. एका बाजूने हळू मोठे बुडबुडे सोडा, म्हणजे पाणी गोल फिरत राहील. हवेच्या सच्छिद्र दगडाचे बारीक बुडबुडे नकोत, ते पिल्लाच्या आवरणात शिरतात आणि ते उलटं होऊन वर तरंगतं. मोठ्या टाकीच्या वाहत्या तोंडाला रेशमी बारीक जाळी आजच बांधा, नाहीतर पहिल्याच रात्री सगळी पिल्लं संपमध्ये जाऊन पंपात सापडतील. फुटणं बहुतेक रात्री होतं. पिल्लं उजेडाकडे येतात, तेव्हा एका कोपऱ्यावर टॉर्च धरा आणि वाडग्याने पाण्यासकट उचला. जाळीने उचलाल तर कातडी जाईल.

किनाऱ्यावरची (रत्नागिरी)

खेकड्यांच्या अळ्यांचं मी बघते. कातळावरच्या छोट्या काळ्या खेकड्यांत माद्या पोटाखाली अंडी घेऊन फिरतात. अंडी नारिंगी असली तर वेळ आहे, करडी-काळी झाली की अळ्या दोन-तीन दिवसांत सुटतात. माझा भाऊ गाडीने अहमदाबादला जाणार आहे, ओल्या गोणपाटात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात घालून देते, वाटेत वडोदऱ्याला उतरवेल. खेकडा ओलसर राहिला की पाण्याशिवायही नीट येतो. ताई, व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

खाऱ्या_पाण्यातली

देव भलं करो तुमचं. भावाला म्हणावं, स्टेशनवर आमच्याकडचे कुणीतरी नक्की असतील, आणि शेवउसळ खाल्ल्याशिवाय सोडणार नाही.

खाऱ्या_पाण्यातली

सविस्तर लिहिते.

उत्तरायणाच्या आदल्या रात्री अंडी फुटली. मी उठून बघितलं तेव्हा आई कपारीतून अर्धी बाहेर येऊन नळीने जोरजोरात पाणी मारत होती, आणि प्रत्येक फुंकरीबरोबर पिल्लांचा लोट बाहेर पडत होता. इतकी पारदर्शक की आधी दिसतात ते डोळे. मग पाठीवर चार-पाच तपकिरी ठिपके, ते फुलतात आणि मिटतात. आकाराने एवढीशी, पण पुरं आयुष्य घेऊन ती आलीत हे त्या ठिपक्यांवरून कळत होतं. एकाला मी वाडग्यात उचललं तर त्याने शाई सोडली! टाचणीच्या टोकाएवढा काळा ढग.

जाळी बांधलेली होती म्हणून संप रिकामा राहिला. गोल भांड्यात शेकडो घेतली. रत्नागिरीच्या खेकड्यांपैकी एका मादीने त्याच सकाळी अळ्या सोडल्या, आणि पिल्लांनी खाल्लं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पिल्लू एका जागी थांबतं, पाय पुढे जुळवतं, नेम धरतं आणि झेप घेतं. अळी त्याच्या निम्म्या आकाराची, तिला धरून फिरत फिरत खातं. लेकीने ते चित्रित केलंय.

खेकड्यांच्या अळ्या होत्या तोवर बरं चाललं. नंतर आर्टेमियावर आलो आणि टाकीवाल्यांनी लिहिलं होतं तसंच झालं. पकडायची, पण पोट रिकामं दिसायचं, मग तळाशी जाऊन पडायची. जानेवारी संपेपर्यंत शेवटचं गेलं.

आई त्यांच्या आधीच गेली, फुटल्यावर दोन-तीन दिवसांत. रंग पांढरा पडला होता. पाणी बिघडू नये म्हणून लगेच काढणार होते. सासूबाईंनी काढू दिलं नाही आधी, तिच्यावर हात ठेवून बसल्या थोडा वेळ. बाईंच्या सांगण्याप्रमाणे एका पायाचं टोक ९५ टक्के अल्कोहोलमध्ये आणि बाकी शरीर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलंय. काही पिल्लंही ठेवली आहेत.

जीवशास्त्र_बाई

तुम्ही फार मोलाचं काम केलंत. मादी, तिची अंडी, तिची पिल्लं आणि तारखांची वही, सगळं एका ठिकाणी असणं हे सहज मिळत नाही. उद्या मी येते. मादीच्या कल्ल्यांच्या पाकळ्या, चूषकांची संख्या, पायांची लांबी मोजू. त्यावरून आणि अल्कोहोलमधल्या तुकड्याच्या डीएनएवरून जात ठरवता येईल. विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारते. लेकीची वही तयार ठेवा, तिचं नाव नोंदीत गेलं पाहिजे.

राजवाड्यामागे

सगळा धागा वाचला. आता नेमकं विचारतो, मी काय करू?

टाकीवाला

भाऊ, तर मग ऐका माझं मत. जात माहीत नसलेला, समुद्रातून धरलेला ऑक्टोपस दुकानातून आणू नका. मादी निघाली तर वर्षाच्या आत अंडी घालून जाईल आणि पिल्लं जगणार नाहीत, हे या धाग्यावर सगळ्यांनी पाहिलं. इतकी जुळवाजुळव, रत्नागिरीहून आलेले खेकडे, घरातली माणसं रात्री जागलेली, तरीही. आणि विकत घेतलेल्या प्रत्येकामागे दुकानदार दुसरा मागवतो.

या कुळातलं पिल्लू वाढवायचीच आस असेल तर माकुलाकडे, म्हणजे कटलफिशकडे बघा. त्यांची अंडी द्राक्षाएवढी असतात आणि पिल्लू बाहेर आल्यापासून तळाशी राहून शिकार करतं. केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सेपिया फॅरॅओनिस हे माकूल अंड्यापासून वाढवलेलं आहे, म्हणजे आपल्या पाण्यातली जात आणि आपल्याकडचा अनुभव दोन्ही आहे. पण तिलाही सुरुवातीला जिवंत मायसिड झिंगेच लागतात. तेव्हा प्राणी नंतर, आधी खाण्याची पैदास. इंदूरच्या उन्हाळ्यात, चिलर लावून, एका टबात मायसिड सहा महिने सलग टिकवून दाखवा. ती टिकली की या धाग्यावर लिहा, अंडी कुठून मिळतील ते मी शोधून देतो. आणि ती जुनी तीन फुटी टाकी गोड्या पाण्यालाच ठेवा, औषधाची आठवण नक्की नसेल तर.

राजवाड्यामागे

औषध घातलं होतं, बाबांना विचारलं. नवी टाकी बघतो. मायसिडचा टब या रविवारी लावतो.